झडीच्या मापाची वीज

चंद्रपूरच्या ऊर्जानगरात २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. चंद्रपूरहून निघालेली विजेची एक स्वतंत्र वाहिनी साडेसातशे किलोमीटर पार करून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला पोचते, १९९९ पासून. माझं घर त्याच चंद्रपूरच्या आग्नेयेला, भामरागड तालुक्यात. अंतर दोनशे किलोमीटरच्या आतलं. आमच्याकडेही तार आली आहे, पण ती सागाच्या रानातून येते. वादळात एक फांदी आडवी झाली की ‘लाईन गेली’, आणि फांदी नेमकी कुठे पडली ते शोधायला वायरमनला मैलोन्‌मैल जंगल तुडवावं लागतं. त्या बिचाऱ्याचा दोष नाही. पर्लकोटा नदीचं पाणी जुन्या पुलावर चढलं की तो अलीकडे आणि आम्ही पलीकडे.

२०१९ च्या एप्रिलात मी घरी सौर वीज बसवली. मी शाळामास्तर, विज्ञान शिकवतो. त्यामुळे यातलं आपल्याला कळतं असा समज होता. तो कुठे कुठे फुटला ते खाली लिहिलं आहे. कुणाला बसवायची असेल तर निदान नव्या चुका कराव्यात, माझ्याच पुन्हा करू नयेत.

१. प्लेट सगळ्यात शेवटी घ्यावी

गावात पहिला प्रश्न येतो, “गुरुजी, प्लेट केवढ्याची?” मीही तिथूनच सुरुवात केली होती. खरी सुरुवात वही-पेनाने करायची असते. घरात काय काय लागतं, किती वॉटचं, किती तास. आमची यादी अशी: ९ वॉटचे चार एलईडी दिवे पाच तास, म्हणजे १८० वॉट-तास. पोरीचा, आमचा आणि आईचा मिळून तीन फोन, ५० धरा. छोटा टीव्ही ३० वॉटचा, दोन तास, ६०. आणि पंखा. जुना पंखा ७५ वॉट खातो. दहा तास चालला तर ७५०. बाकी सगळं घर २९० मध्ये भागतं आणि एकटा पंखा ७५० मागतो!

मग बीएलडीसी पंखा आणला, ३० वॉटचा. तेच दहा तास आता ३०० मध्ये होतात. एकूण ५९० वॉट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत दिवसाला जेमतेम ०.६ युनिट. पंख्याला जे दोन-तीन हजार जास्त पडले ते त्याच दिवशी वसूल झाले, कारण नाहीतर जवळपास दुप्पट प्लेट आणि तशीच बॅटरी घ्यावी लागली असती.

मिक्सर, इस्त्री, पाण्याचा हीटर यांची नावंही या वहीत येऊ द्यायची नाहीत. मिक्सर आला, पण तो पाच मिनिटांचा पाहुणा आहे. पाटा-वरवंटा अजून सपरीतच आहे, आणि चटणी त्याच्यावरची चांगली लागते हे बायकोचं मत मी विजेच्या हिशेबात आनंदाने धरलं आहे.

२. माप उन्हाळ्यात घेऊ नये

एप्रिल-मे महिन्यात एक किलोवॅटची प्लेट दिवसाला चार-साडेचार युनिट सहज देते. दुकानदार हाच आकडा सांगतो आणि तो खोटा नसतो. पण आमच्याकडे झड लागते. झड म्हणजे नुसता पाऊस नव्हे. चार-चार दिवस सूर्य कुठल्या बाजूला आहे हे कळत नाही, बांधीत रोवणी चालू, अंगावर घोंगडी, चुलीवरच्या दोरीला कपडे. त्या दिवसांत प्लेट चौथा हिस्सा देते, कधी तेवढंही नाही. आणि लाईन नेमकी तेव्हाच गेलेली असते, रस्ताही तेव्हाच बंद असतो. विजेची खरी गरज त्या आठवड्यात असते. बाकी वर्ष कसंही निघतं.

माझी बॅटरी १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांची. गुणाकार केला की १८०० वॉट-तास येतात. तीन दिवसांची सोय झाली, असं मी आईला सांगितलं. पण लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झरझर कमी होतं. म्हणजे हाताशी फक्त ९०० वॉट-तास. दीड दिवस. पहिल्याच जुलैत दुसऱ्या संध्याकाळी घर अंधारात आणि आई विचारते, “तीन दिवस म्हणाला होतास ना रे?”

त्यावर मी दुसरी बॅटरी घ्यायला निघालो होतो. तेही चुकलं असतं. जुन्या बॅटरीला नवी जोडली की जुनी नवीला आपल्या पायरीवर ओढते. शिवाय बॅटरी काही वर्षांनी मरतेच, प्लेट वीस-पंचवीस वर्षं टिकते. म्हणून आणखी एक प्लेट घेतली. ढगाळ दिवशी एक प्लेट चिमूटभर देते, दोन प्लेटा दोन चिमटी. उन्हाळ्यात अर्धी वीज वाया जाते, जाऊ दे. धान जास्त झालं म्हणून कुणी पुढच्या वर्षी ढोली लहान बांधत नाही.

३. ३३० वॉटची प्लेट, हातात ११५

ही चूक मास्तर म्हणून जिव्हारी लागली. शहरातल्या एका दुकानातून (नाव सांगत नाही) ३३० वॉटची प्लेट आणि स्वस्तातला पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर घेतला. प्लेट मोठी, ७२ सेलची. ती ३७-३८ व्होल्टला चालते आणि पावणेनऊ अँपिअर देते. बॅटरी १२ व्होल्टची. पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे हुशार स्विच, त्यापलीकडे काही नाही. तो प्लेटला सरळ बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली खेचतो. अँपिअर तेवढेच राहतात, व्होल्ट मात्र १३. आता करा गुणाकार: साधारण ११५ वॉट. दोन तृतीयांश प्लेट मी पैसे देऊन खांबावर नुसती शोभेला ठेवली होती.

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट हे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो. सहा महिने मला वाटत राहिलं की ऊनच कमी आहे.

यावर उपाय दोन. एक तर ३६ सेलच्या, साधारण १८ व्होल्टला चालणाऱ्या लहान प्लेटा घ्या, मग पीडब्ल्यूएम चालतो. किंवा मोठी प्लेट असेल तर एमपीपीटी कंट्रोलर घ्या. तो जास्तीच्या व्होल्टचे अँपिअर करून देतो. तो महाग पडतो, पण वाया जाणाऱ्या दोनशे वॉटपेक्षा स्वस्त. प्लेटच्या मागे एक चिकटपट्टी असते, तिच्यावर ‘व्हीएमपी’, म्हणजे प्लेट किती व्होल्टला चालते ते, लिहिलेलं असतं. पैसे देण्याआधी प्लेट उलटी करून ते वाचायचं. बैल घेताना दात बघतो, तसं.

४. वाळवण घालणाऱ्यांना विचारावं

प्लेट दक्षिणेकडे तोंड करून, आपल्या अक्षांशाइतकी कलती बसवायची. आमचा अक्षांश साडेएकोणीसच्या आसपास, म्हणून वीस अंशांचा उतार. होकायंत्र आणि कोनमापक घेऊन मी ते बिनचूक केलं. अंगणाच्या दक्षिणेला मोहाचं झाड. त्याची सावली भर दुपारी बुंध्याजवळच पडलेली, शिवाय एप्रिलात मोह जवळजवळ उघडाच असतो. खुशाल खांब रोवला.

दिवाळी झाली, आणि सकाळी दहापासून मोहाची सावली प्लेटवर. एप्रिलअखेरीस दुपारचा सूर्य आमच्या जवळपास डोक्यावर असतो. जूनमध्ये तर तो थोडा उत्तरेलाही सरकतो. डिसेंबरात तोच दुपारी दक्षिणेला ४७ अंशांवर उतरलेला असतो आणि जवळजवळ झाडाच्या उंचीएवढी सावली उत्तरेला टाकतो. प्लेटचे सेल माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. कोपऱ्यातल्या दोन-तीन सेलवर सावली आली तरी तिचा मोठा भाग बसतो. सावली हाताएवढी, नुकसान अर्ध्याचं.

शेजारचे माडिया दादा खांब रोवताना बांधावर बसून सगळं बघत होते. नोव्हेंबरात मी कुरकुरलो तर म्हणाले, “दिवाळीनंतर इथं ऊन येत नाही जी. म्हणून तर आम्ही धान तिकडं वाळवतो.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलं नाही.”

मोह तोडायचा विषय आमच्याकडे निघत नाही, निघूही नये. खांब उपटला आणि धान वाळवायच्या जागेशेजारी नेला. तेव्हापासून ऊन तपासायचं असेल तर घरातल्या बाईला विचारतो. सांडगे-पापड कुठल्या महिन्यात कुठे घालते, हे तिला कुठल्याही मोबाइल ॲपपेक्षा चांगलं ठाऊक असतं.

प्लेट छपरावर की खांबावर, यावर माझं मत खांबाच्या बाजूने आहे. कवेलूंवर चढलं की कवेलू फुटतात, म्हणून मग कुणी धूळ पुसायला चढत नाही. खांबावरची प्लेट झाडूला फडकं बांधून पुसता येते. वानरांना मात्र दोन्ही सारखीच. खांबाला काटेरी झुडूप बांधून पाहिलं. त्यांनी मोहावरून उडी मारली.

आणखी एक. प्लेटला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. मे महिन्यात ती ६५ अंशांपर्यंत तापते, आणि पंचविसाच्या वर प्रत्येक अंशाला जवळपास ०.४ टक्का वीज कमी होते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सोळा टक्के गेले. खालून वारा खेळला पाहिजे. टिनाला चिकटवून ठोकलेल्या प्लेटा पाहिल्या की मला त्यांची दया येते.

५. तार जाड, अंतर कमी

१२ व्होल्टमध्ये तार फार खाते. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, प्लेट ते बॅटरी दहा मीटर, जायला-यायला वीस. दहा अँपिअर वाहिले की दीड व्होल्ट वाटेतच संपतो, म्हणजे बारातला आठवा हिस्सा. १० चौरस मिलिमीटरची घेतली तर नुकसान चौथ्या भागावर येतं. तारेत काटकसर करणारा माणूस प्लेटचे पैसे जमिनीत पुरतो.

६. बॅटरीला माजघर द्या

पहिली बॅटरी तीन वर्षांत गेली. सहा-सात वर्षं सहज जाईल म्हणून घेतली होती. तिच्या मरणाची कारणं तीन, आणि तिन्हींना मीच जबाबदार.

पहिलं, मी तिला टिनाच्या सपरीत ठेवलं. जागा मोकळी होती म्हणून. तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण अर्धं होतं, आणि मे महिन्यातली टिनाखालची दुपार काय असते ते इकडे कुणाला सांगायला नको. घरात मातीच्या दीड हात जाड भिंतींचं थंड माजघर होतं. आता नवी बॅटरी तिथेच, लाकडी पाटावर. वर झरोका आहे, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. देवघर आणि चूल तिच्यापासून लांब.

दुसरं कारण पाणी. डिस्टिल्ड वॉटर संपलं, रस्ता बंद, आलापल्लीला जाणं शक्य नाही. विहिरीचं पाणी गाळून ओतलं. आपण पितो ते पाणी बॅटरीला का चालू नये? नाही चालत. त्यातले क्षार आत बसून राहतात. आता पाच-पाच लिटरचे दोन कॅन पावसाळ्याआधी, मीठ आणि काडेपेट्यांबरोबर भरून ठेवतो.

तिसरं कारण ‘टूं टूं’. बॅटरी उतरली की इन्व्हर्टर ओरडतो. क्रिकेट सामन्याची शेवटची षटकं होती आणि मी त्याचा आवाज बंद केला. एकदा नाही, त्या मोसमात बऱ्याचदा.

आता शाळेच्या जुन्या हजेरीवहीत रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, व्होल्ट लिहितो. विसावलेली बॅटरी १२.७ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, त्याखाली गेली की घरात सूचना जाते. मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. खेड्यापाड्यांत मेलेले सौरदिवे खांबांवर उभे दिसतात. त्यांच्या प्लेटा बहुधा जिवंत असतात. बॅटरीकडे बघणारं कुणी नव्हतं, एवढंच.

लिथियम घ्यावी का, हे हल्ली सगळे विचारतात. लोह-फॉस्फेटची लिथियम बॅटरी हलकी असते, पाणी मागत नाही, ऐंशी टक्के उतरवली तरी चालते, टिकतेही जास्त. पैसे असतील तर घ्यावी. मी अजून लेड-ॲसिडवर आहे, कारण ती बिघडली तर अहेरीपर्यंतचा कुणीही मेकॅनिक तिला हात लावतो. लिथियम अडली तर पेटी उचलून शहर गाठावं लागतं, आणि ते जुलैत होत नाही.

७. इन्व्हर्टर बसल्याबसल्या जेवतो

इन्व्हर्टर चालू असेल आणि त्यावर काहीच नसेल, तरी माझा १५ वॉट खातो. चोवीस तासांचे ३६०. आख्खं घर ५९० वर चालतं आणि हा नुसता जागं राहण्याचे ३६० घेतो! हे कळायला मला दीड वर्ष लागलं. आता दिवे आणि पंखा थेट १२ व्होल्ट डीसीवर आहेत. इन्व्हर्टर टीव्ही आणि मिक्सरपुरता लावतो, मग बंद. गंमत म्हणजे चंद्रपूर-पडघा ती मोठी वाहिनीही डीसीच आहे, पाच लाख व्होल्टची. आमची बारा व्होल्टची.

डीसीची एक खोड मात्र सांभाळावी. तिची ठिणगी लवकर विझत नाही. घरातलं साधं एसीचं बटण डीसीला लावलं तर आतून जळतं. डीसीसाठी केलेलंच घ्यावं. आणि फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतरावर, आधी तो, मग बाकी सगळं. एकदा माझा पाना बॅटरीच्या दोन्ही टोकांवर आडवा पडला. त्याच्यावर पडलेला खड्डा मी सातवीच्या वर्गाला दाखवतो.

८. वीज आकाशातलीही असते

मे-जूनच्या वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की प्लेटची तार सोडवून ठेवतो. लोखंडी खांबाला अर्थिंग केलं आहे. कोळसा-मीठ घालून गाडलेला रॉड, उन्हाळ्यात त्यावर रोज तांब्याभर पाणी.

९. चंद्रपूरच्या साळ्याचा फोन

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान. साळ्याने चंद्रपुरात ३ किलोवॅट बसवून घेतलं, बिल जवळपास शून्यावर आलं, आणि मला रोज फोटो. मग एका दुपारी फोन: “भाऊजी, कडक ऊन आहे, प्लेटा तापल्यात, आणि घरात लाईट नाही!”

त्याची व्यवस्था लाईनला जोडलेली. लाईन गेली की तिने आपोआप बंद व्हायचं असतं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला खालून शॉक बसेल. हे त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आणि उलट बाजूने, माझ्यासारख्या बॅटरीवरच्या, लाईनला न जोडलेल्या व्यवस्थेला ते अनुदान लागू नाही. जिथे तार पोचणंच शक्य नाही तिथल्या घरांसाठी २०१७ च्या सौभाग्य योजनेत २०० ते ३०० वॉटची प्लेट, बॅटरी, पाच दिवे, एक डीसी पंखा आणि पाच वर्षांची देखभाल असा संच ठरवला होता. मला त्यात आवडली ती देखभालीची अट. बाकी सगळं दुकानात मिळतं.

१०. शेताला करंट? नाही.

माझ्या घरी बॅटरी पाहून कुणी ना कुणी विचारतोच, “गुरुजी, याच्यातून धुऱ्याला करंट सोडता येते का?” रानडुकरं आणि २०२१ मध्ये छत्तीसगडातून आलेला हत्तींचा कळप यांच्यापासून धान राखणाऱ्याची अडचण मला कळते. पण इन्व्हर्टरची किंवा लाईनची वीज कुंपणात सोडली की माणूस, बैल, वाघ, जो शिवेल तो मरतो, आणि सोडणारा तुरुंगात जातो. सौरकुंपणाचं यंत्र वेगळंच असतं. ते सेकंद-सव्वासेकंदाला क्षणभराचा झटका देतं. जनावर दचकतं, चिकटत नाही. त्यासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून मदत मिळते. चौकशी वनविभागाकडे करावी. माझ्याकडची तार कुणाला मिळणार नाही.

११. काय आधी विझवायचं, हे कोरड्या दिवसांत ठरवा

झडीत बॅटरी उतरायला लागली की घरात भांडण होतं. म्हणून आम्ही मे महिन्यातच क्रम लिहून भिंतीला लावला. आधी टीव्ही. मग पंखा; डासांसाठी मच्छरदाणी असतेच, तिच्याशिवाय इथे झोपायचं नाहीच, हिवताप पाहुण्यालाही सोडत नाही. मग सपरीतला दिवा. पोरीचा अभ्यासाचा दिवा शेवटून दुसरा. आणि सगळ्यात शेवटचा, म्हणजे कधीच न विझवायचा, अंगणातला ३ वॉटचा. रात्रभराचे ३६ वॉट-तास. मी तो आधी चैनीत धरला होता. बायको म्हणाली, पावसाळ्यात मण्यार उंबऱ्याशी येऊन बसते, ती तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात आहे? दिवा राहिला.

यादीत एक गोष्ट लिहायची राहून गेली होती. गेल्या जुलैत पाच दिवस लाईन नव्हती. दुसऱ्या दिवसापासून गावातले फोन यायला लागले, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, मागे चिठ्ठी किंवा दोरा बांधून. एका फोनला पंधरा वॉट-तास, बारा फोनांचे १८०. नाही म्हणता येत नाही, आणि म्हणायचंही नव्हतं. वहीत ‘गावाचं’ असा नवा रकाना आखला. त्या दिवशी टीव्ही बंद, पंखा बंद, सकाळचे व्होल्ट १२.१.

पाचव्या दिवशी साडेदहाला ढग जरा पातळ झाले. दादा आले, डोक्यावर पावसाचा मोरा, हातात फोन आणि टोपलीत बांबूचे कोवळे वास्ते.

“किती वेळ लागंल जी?”

“ऊन निघालं तर दुपारपर्यंत.”

ते सपरीत टेकले. मी वहीत त्या दिवसाचे फोन लिहिले आणि आम्ही दोघं वास्ते सोलायला बसलो.